पालवखारच्या मांडवातली मोकळ

आमच्या पालवखारला लग्नाला आलेला नवा पाहुणा पाणी पिऊन जरा टेकला की वर बघतो. मग शेजारच्याला कोपराने खुणावतो, आणि मग दोघेही वर बघतात. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता मी पाहुण्यांच्या तोंडाकडेच बघत बसते. मांडव झावळ्यांचा असो, ताडपत्रीचा असो, नाहीतर अलिबागहून आणलेल्या गुलाबी झालरीच्या कापडाचा असो, त्याच्या बरोबर मधोमध हातभर रुंद आणि दोन हात लांब जागा उघडी असते. तिथून आभाळ दिसतं. त्या जागेला आमच्याकडे ‘मोकळ’ म्हणतात.

कुणाला वाटतं कापड कमी पडलं. एका पाहुणीने तर मला कानाशी येऊन विचारलं होतं, "अहो, मुलीकडच्यांची फार ओढगस्त आहे का हो?" मी म्हटलं, बाई, ओढगस्त नाही, आमची रीत आहे. आणि रीतही साधीसुधी नाही, बेने इस्रायलांच्या एका मुलीने गावाकडे मागून घेतलेली आहे. बसा, सांगते.

बेने इस्रायल म्हणजे आपल्याकडचे ज्यू लोक. फार फार वर्षांपूर्वी त्यांचं गलबत फुटलं आणि जे वाचले ते कोकणच्या किनाऱ्याला लागले, असं सांगतात. इथे ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाण्याला हात लावायचे नाहीत, म्हणून त्यांना लोक ‘शनिवार तेली’ म्हणत. रेवदंड्याकडे, अलिबागकडे त्यांची पुष्कळ घरं होती. आमच्या गावात मात्र एकच. आजही एकच आहे, माझ्या कुंपणाला लागून, दीनाबाईंचं. दाराच्या चौकटीला त्यांच्या देवाच्या वचनाची डबी ठोकलेली आहे, तिला हात लावून बोटं ओठांना लावल्याशिवाय दीनाबाई घरात पाऊल टाकत नाहीत. ही हकिकत थोडी त्यांच्याकडून ऐकलेली, थोडी माझ्या सासूबाईंकडून. दोघींचं जिथे जमत नाही तिथे मी दोन्ही सांगेन.

तर काही पिढ्यांपूर्वी गावात सामाजी तेली होता. बायको मिलकाबाई, आणि एकच मुलगी, शेगुला. सामाजी अबोल माणूस. सासूबाई म्हणायच्या, त्याच्यापेक्षा त्याचा घाणा जास्त बोलायचा. मुलगी लग्नाची झाली तशी त्याची झोप उडाली. गावात त्यांच्यातलं दुसरं घर नाही, मुलगा बघायचा तो लांबच. शेवटी रेवदंड्याच्या हस्साजींकडून निरोप आला. त्यांचा मुलगा चांगला, घर चांगलं, मुलगी त्यांनी एका लग्नात पाहिलेली होती आणि ती पसंतही होती. पण हस्साजींची थोरली बहीण रूफकाबाई, तिने मोडता घातला. ती म्हणाली, "मुलगी गोरी का काळी ते राहू दे. एकटं घर ते. आपल्यातलं कुणी शेजारी नाही. त्यांनी आपलं काय राखलंय आणि काय सोडलंय, कुणी बघितलंय? आपण सणाला जाऊ. सण नीट दिसला तर साखरपुडा, नाही दिसला तर राम राम."

आणि सण कुठला, तर मांडवांचा.

या सणाचं असं आहे. त्यांचे पूर्वज मिसर देशातल्या गुलामीतून सुटले आणि चाळीस वर्षं रानोमाळ फिरले. तेव्हा घर नव्हतं, डोक्यावर पाल्याचे मांडव होते. त्याची आठवण म्हणून पुनवेपासून आठ दिवस अंगणात पाल्याचा मांडव घालायचा, त्यात बसून जेवायचं, देवाचं नाव घ्यायचं. आमच्या कोकणात मात्र हा सण मधल्या काळात सुटून गेला होता, असं दीनाबाई सांगतात. खिरीचा सण राहिला, दारं लावून उपास करायचा सण राहिला, पण मांडवांचा विसरला. मग म्हणे कोचीहून कुणी शिकलेले गुरुजी रेवदंड्याला आले आणि त्यांनी तो पुन्हा शिकवला. सामाजी मुद्दाम चार दिवस तिकडे राहून शिकून आला. त्या वर्षी पालवखारच्या अंगणात तो मांडव पहिल्यांदाच उभा राहणार होता.

सामाजीने तो स्वतःच्या हातांनी घातला. चार मेढी पुरल्या, वर बांबू टाकले, आणि माडाच्या ओल्या झावळ्या सुट्या सुट्या पसरल्या. दोन झावळ्यांमधून आभाळ दिसेल अशा. गुरुजींनी तेच तर बजावून सांगितलं होतं. सावली उन्हापेक्षा जास्त हवी, पण चांदणी दिसली पाहिजे. पाऊस अडेल असं छप्पर झालं की तो मांडव नाही, ते घर झालं. घरात बसायचं तर वर्षभर बसतोच की.

हे सामाजीला ठाऊक, मिलकाबाईला ठाऊक, शेगुलाला ठाऊक. गावाला कुठून ठाऊक असणार?

आता गावात एक जोमा म्हणून होता. पालवखारमधलं प्रत्येक छप्पर त्याच्या हाताखालून गेलेलं. शाकारणी करावी ती जोमानेच. झावळ्यांचे झाप तोच विणायचा, काथ्याचा सुंभ तोच वळायचा. त्याने शाकारलेल्या घरात भर आषाढात चूल बाहेरच्या ओट्यावर ठेवली तरी विझत नाही अशी त्याची ख्याती. गळती काढायला म्हणून त्याला जन्मात कुणी दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याने सांगितली नाही असा माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. सामाजीच्या आजोबांचं पहिलं घरही म्हणे जोमाच्या आजोबांनीच शाकारलं होतं. शनिवारी त्या घराचं काम चालायचं नाही, म्हणून ते घर गावात सगळ्यात आधी, शुक्रवारपर्यंत पुरं करायचं, ही त्यांची पिढीजात पद्धत.

सणाच्या दिवशी दुपारी सामाजी आणि मिलकाबाई बैलगाडी जुंपून पाहुण्यांना आणायला बंदरावर गेली. भरतीबरोबर मचवा लागणार होता. शेगुला मागच्या पडवीत नारळ खवत होती. तेवढ्यात जोमा त्या वाटेने चालला होता. त्याने मांडव बघितला आणि तो जागच्या जागी थांबला.

"हा मांडव आहे का मासळी पागायचं जाळं?" तो म्हणाला.

तिथे दोनचार मंडळी जमली. कुणी म्हणालं, तेल्याला काय कळतंय शाकारणीतलं. कुणी म्हणालं, हस्त चालू आहे, सांजच्याला सर आली तर व्याह्याच्या ताटात तळं होईल. जोमा मात्र गंभीर झाला. त्याला आधी राग आला होता, आपल्याला का नाही बोलावलं म्हणून. मग त्याच्या डोक्यात दुसरंच आलं. तो म्हणाला, "मला सांगायची लाज वाटली असंल त्याला. पोरीच्या सोयरिकीचा खर्च, कुठून आणंल झाप? अरे, पण पोर त्याची एकट्याची आहे होय? आपल्या गावची पोर. उद्या रेवदंड्याला जाऊन हे लोक काय सांगतील? पालवखारला छप्पर घालायला माणूस नाही?"

आणि तो घरी गेला. स्वतःच्या गोठ्यासाठी त्याने महिनाभर बसून नवे झाप विणून ठेवले होते, ते सगळे खांद्यावर घालून घेऊन आला. बाकीचे लोक लागले हाताखाली. कुणी सुंभ आणला, कुणी आंब्याचे टाळे आणले. दीड घटकेत त्या मांडवावर दुहेरी शाकारणी झाली. खालून कुणाच्या तरी नव्या लुगड्याचं छत ताणलं, कडेने झेंडूच्या माळा सोडल्या. माझ्या सासूबाई म्हणायच्या, असा मांडव पाटलाच्या लग्नातही झाला नव्हता.

गलका ऐकून शेगुला हात धुऊन पुढे आली तेव्हा शेवटचा झाप बसत होता. तिने वर बघितलं. एक किरण आत येत नव्हता. ती बोलणारच होती. पण समोर जोमा उभा, घामाने भिजलेला, केसांत पाल्याचा चुरा, आणि तोंडभर हसत तो तिला म्हणाला, "बघ गो बाय! आता आणू दे तुझ्या सासऱ्याला दर्या, थेंब आत यायचा नाही!"

तिच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं. ते झाप कुणाच्या गोठ्याचे, ते तिला माहीत होतं. बाबा येतील आणि काय ते सांगतील, असं मनाशी म्हणून ती आत गेली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा गाडी आली. पाहुणे उतरले. हस्साजी, उंच, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मागे रूफकाबाई, नाकात मोठी नथ आणि हातात पडशी. तिने ती पडशी सामाजीच्या हातात दिली नाही, अजून सोयरीक कुठे झाली होती! सामाजी त्यांना घेऊन अंगणाच्या तोंडाशी आला आणि त्याचे पाय जमिनीला चिकटले.

अंगणभर गाव उभं होतं. मध्ये जोमा, हाताची घडी घालून.

"या व्याहीबुवा," जोमा म्हणाला. "बसा निवांत. या छपरात भोक शोधून दाखवलंत तर मिशी उतरवीन."

हस्साजींनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. जोमाला वाटलं, भोकच शोधतायत. आणि खरोखर ते तेच शोधत होते.

रूफकाबाईला काही राहवलं नाही. ती म्हणाली, "अगो बाई, हा मांडव का गुहा? इथे दिवा लावून दिवा शोधावा लागंल."

गावातल्या बायकांना ती स्तुतीच वाटली. त्या खुदखुदल्या.

हस्साजींनी सामाजीला बाजूला, घाण्यापाशी घेतलं. हळू आवाजात विचारलं, "सामाजी, आभाळ कुठाय?"

सामाजीने मान खाली घातली.

"गुरुजींकडे तुम्ही चार दिवस होतात, असं ऐकलं होतं. हे त्यांनी शिकवलं?"

सामाजी काय सांगणार? हे मी नाही केलं, गावाने केलं असं म्हटलं, तर गावाने प्रेमाने केलेल्या कामाला पाहुण्यांसमोर नाव ठेवल्यासारखं होणार. आणि मीच केलं म्हटलं, तर सण राखला नाही असं होणार.

हस्साजी वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "हे बघा, सूर्य बुडाला की सण लागला. मग आपल्याला ना बांधता येतं ना सोडता येतं. खाडीपलीकडे आपल्यातली दोन घरं आहेत, त्यांनी मांडव घातलाय. मचवा अजून बंदरातच आहे. आम्ही आत्ता निघालो तर दिवस बुडायच्या आत तिकडे पोचू. रागावू नका. पण पहिल्या रात्रीचं जेवण आभाळाखालीच झालं पाहिजे." ‘सोयरिकीचं मग बघू’ असं ते बोलले नाहीत. ते न बोलताच कळलं.

सामाजी घरात आला. मिलकाबाई सणाचा दिवा हातात घेऊन उभी होती. तो दिवा सूर्य बुडायच्या आत लावायचा असतो, आणि तो लागला की कामाचा हात थांबायचा. वात भिजलेली होती, लावायची तेवढी राहिली होती.

"काढा की ते वरचं," मिलकाबाई म्हणाली. "शिडी आहे, कोयता आहे."

"जोमाचे झाप ते. त्याच्या गोठ्याचे. सगळ्या गावासमोर उसकटू?"

"मग बोला तरी त्याच्याशी."

"तोंडातून निघत नाही माझ्या." सामाजी उंबऱ्यावर बसला. "उसकटलं तर गाव तुटतं, आणि नाही उसकटलं तर सोयरीक तुटते."

हे सगळं शेगुला दाराआड उभी राहून ऐकत होती.

आता त्या काळची पद्धत अशी की बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीने बोलायचं नाही. विचारलं तर नाव सांगायचं, तेही खाली बघून. पण दुपारी आपण गप्प राहिलो म्हणून हे झालं, हे तिच्या मनाला लागलं होतं. तिने डोईवरचा पदर नीट केला, बाहेर आली, आणि सासऱ्याकडे न जाता, रूफकाबाईकडे न जाता, सरळ जोमापुढे जाऊन उभी राहिली.

"जोमाकाका," ती म्हणाली, "तुमच्याकडं एक मागायचंय."

जोमा खूश झाला. "माग की बाय. आजच्या दिवशी काय पाहिजे ते माग."

"एक भोक द्या."

जोमाला वाटलं, आपल्या कानात पाला गेलाय. "काय द्या?"

"भोक. छपराला. मधोमध."

जोमाची मान हळूहळू लाल झाली. तो म्हणाला, "पोरी, मी जन्मात भोक ठेवलेलं नाही. माझ्या बापाने ठेवलं नाही."

"म्हणून तर तुमच्याकडं मागते," शेगुला म्हणाली. "ज्याचं छप्पर गळतंच, त्याच्याकडून भोक मागून काय उपयोग? ते तर फुकट मिळतं. तुमच्या हातचं भोक कुणाला मिळालंय का आजवर?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जोमाने वळून बघितलं तसं ते गप्प झालं.

मग तिने सगळं सांगितलं. आपले पूर्वज रानात कसे राहिले, डोक्यावर पाला आणि पाल्यावर आभाळ एवढंच कसं होतं, आणि तरी देवाने एकेकाला कसं सांभाळलं. म्हणून हे आठ दिवस पक्क्या छपराचा भरवसा धरायचा नाही. पाल्यातून चांदणी दिसली पाहिजे. "माझ्या बाबांना येत नाही म्हणून मांडव विरळ नव्हता, जोमाकाका. तो तसाच असतो. मी दुपारी सांगायला हवं होतं. पण तुमचं तोंड इतकं आनंदलेलं होतं की मला बोलवेना. चूक माझी. आता सूर्य बुडायच्या आत तुम्ही दिलंत तर आमचा सण होईल."

सोयरिकीचं तिने नावही काढलं नाही. पण गाव काही आंधळं नव्हतं. पाहुण्यांची पडशी अजून खाली ठेवलेली नव्हती, ते सगळ्यांनी बघितलं होतं.

इथे सासूबाईंचं आणि दीनाबाईंचं पटत नाही. दीनाबाई म्हणतात, जोमा रागावून चार पावलं निघून गेला होता आणि पुन्हा फिरून आला. सासूबाई म्हणायच्या, छे, तो जागचा हललाच नाही. पण तो काय बोलला, ते दोघी अगदी सारखं सांगतात. त्याने पूर्वेकडे बघितलं, मग म्हणाला, "आज पुनव. कोजागिरी. आम्ही तरी आज कुठं घरात बसून दूध पितो? चंद्राखालीच बसतो की." आणि मग मोठ्याने ओरडला, "अरे, बघताय काय! शिडी आणा!"

सूर्य माडांच्या शेंड्यांना आला होता. जोमा कोयता कमरेला लावून वर चढला. स्वतःच्या हाताने बांधलेली सुंभाची गाठ त्याने कापली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते, असं म्हणतात. एक झाप उचलला. खालचं लुगड्याचं छत बायकांनी ओढून काढलं. उजेडाची एक पट्टी मांडवात पडली.

जोमाने वरून विचारलं, "एवढं पुरे?"

शेगुला खालून वर बघत म्हणाली, "अजून."

त्याने आणखी एक काढला. "एवढं?"

"अजून."

"अगो, मांडवाला तरी ठेव काही!"

"हे सगळे गोठ्यालाच घेऊन जा, काका. अजून."

आता गावालाही चेव आला. जोमाने झाप उचलला की अख्खं अंगण ओरडायचं, "अजून!" म्हातारे ओरडले, बायका ओरडल्या. काढलेले झाप खाली झेलायला माणसं उभी राहिली. सामाजी, जो जन्मात मोठ्याने बोलला नाही, तोही उंबऱ्यावरून उठून आला आणि म्हणे सगळ्यात मोठ्याने "अजून" तोच ओरडला. दुहेरी शाकारणी एकेरी झाली, एकेरीची विरळ झाली, आणि मधोमध हातभर रुंद नि दोन हात लांब जागा स्वच्छ मोकळी झाली.

रूफकाबाई तरातरा आत आली. म्हणाली, "बघू दे तरी, आभाळ दिसतं का." ती मोकळीखाली उभी राहिली आणि तिने मान वर केली. वरून जोमा, तिला नीट दिसतंय का ते बघायला, मिशांसकट त्याच भोकातून खाली वाकला.

"अगो माझे आये!" रूफकाबाई किंचाळली. "हे कसलं आभाळ!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. हस्साजींची दाढी हलत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. सामाजीने सूर्याकडे बघून हाक मारली, "जोमा, उतर! वेळ झाली!" जोमा उतरला, त्याचा पाय जमिनीला लागला, आणि मिलकाबाईने दिवा लावला. खाडीच्या पाण्यावर सूर्याची कड तेवढी उरली होती.

त्यांनी मांडवात पाट मांडले. मनुकांच्या सरबताचा प्याला भरला. हस्साजींनी प्याला उचलला, पण आशीर्वाद म्हणण्याआधी थांबून वर बघितलं. मोकळीत पहिली चांदणी आली होती. मग त्यांनी त्यांच्या भाषेतली प्रार्थना म्हटली. अंगणाच्या कडेने उभ्या असलेल्या लोकांना तिचा एक शब्द कळला नाही, पण सगळ्यांनी हात जोडले होते.

आणि रूफकाबाईने पडशी खाली ठेवली. तिच्या तोंडून निघालेलं वाक्य दीनाबाई अजून तिच्याच ठसक्यात म्हणून दाखवतात. "हस्सा, ही मुलगी घेऊन टाक. आपल्या घरात बोलायला एक तरी माणूस हवं. मी काय जन्मभर पुरणार आहे?" मिलकाबाईला रडू आलं. ती नारळाच्या दुधातली मच्छी वाढत होती, आणि तिने हस्साजींच्या पानात दोनदा वाढली.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. नाही. हस्त नक्षत्र होतं ना? दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली आणि एक सर आली. मोठी नव्हती, पण मोकळीतून जी आली ती नेमकी हस्साजींच्या डोक्यावर आणि भातावर. सामाजी ओशाळला. गुरुजींनी सांगितलेलं होतं, पावसाने अन्न बिघडायला लागलं तर खुशाल घरात जावं, देव रागावत नाही. तो पाहुण्यांना आत चला म्हणायला लागला. तेवढ्यात कुंपणाशी जोमा हजर. हे होणार हे त्याला कालपासून ठाऊक होतं, म्हणून तो सकाळपासून तिथेच घुटमळत होता. त्याच्या हातात इरलं होतं, पळसाच्या पानांचं, शेतात लावणी करताना डोक्यावरून पाठीवर घेतात ते.

"व्याहीबुवा," तो म्हणाला, "भोक तुमचं, पाणी देवाचं, इरलं माझं."

त्याने ते हस्साजींच्या डोक्यावर चढवलं. आणि रेवदंड्याचा तो मानाचा माणूस इरलं घेऊन, ताटावर वाकून, हसत हसत पोटभर जेवला. आत गेला नाही. साखरपुडा त्याच इरल्यात झाला, असं सासूबाई सांगायच्या. दीनाबाई म्हणतात, तेवढं काही झालं नाही, साखरपुडा सण संपल्यावर झाला. मला आपलं सासूबाईंचं आवडतं.

त्याच वैशाखात शेगुलाचं लग्न झालं. ते सणाचं लग्न नव्हतं, तिथे मोकळीची काही गरज नव्हती. पण जोमाने लग्नाचा मांडव पक्का शाकारला, खाली उतरला, मग काही आठवल्यासारखं पुन्हा वर चढला आणि मधोमध दोन झाप काढून टाकले. खाली हळद लावलेली शेगुला उभी होती. त्याने विचारलं, "एवढं पुरे?" आणि तिच्याआधी गावानेच ओरडून सांगितलं, "अजून!" पुढच्या वर्षी जोमाच्या स्वतःच्या मुलीचं लग्न निघालं. ती हटून बसली, शेगुलाताईला दिलीत तशी मोकळ मलाही पाहिजे. मग कुणाची मुलगी गप्प राहणार?

आजही पालवखारमध्ये लग्नाचा मांडव पुरा झाला की नवरी त्याच्या मधोमध येऊन उभी राहते आणि ज्याने मांडव घातला त्याच्याकडे आपल्या तोंडाने मोकळ मागते. तिने स्वतः मागावी लागते, आईबापांनी मागितलेली चालत नाही. आजही व्याह्याला त्या मोकळीखालीच पाट मिळतो आणि त्याच्या डोक्यावर इरलं चढतं. पुण्याहून आलेले एक व्याही मागे सुटाबुटात होते. आधी रुसले, मग त्यांना इतकं आवडलं की इरलं घरी घेऊन गेले. अलिबागचा डेकोरेटर पहिल्यांदा कुरकुरला होता, कापड फाडणार नाही म्हणाला. आता तो पालवखारसाठी वेगळंच कापड शिवून ठेवतो, मध्ये काज केल्यासारखी जागा सोडून.

आजही आश्विनात दीनाबाईंच्या, म्हणजे सामाजीच्याच, अंगणात सणाचा मांडव उभा राहतो; शेगुलाचा एक मुलगा आजोळी येऊन राहिला, त्याच्याच वंशात त्या सून म्हणून आल्या. त्यांची मुलं इस्रायलला गेली, नातवंडं तिकडचीच झाली, बाईंच्या गुडघ्यांना शिडी चढवत नाही. झावळ्या जोमाच्या वंशातले दत्ताराम घालतात, ते एरवी स्लॅबची कामं घेतात. त्यांच्या स्लॅबमधून पाणी झिरपत नाही, हे तेही सगळ्यांना सांगतात. दीनाबाई अंगणात खुर्ची टाकून बसतात. आम्ही शेजारपाजारचे कुंपणाशी उभे असतो, अगदी कामं टाकून. दत्ताराम एकेक झावळी सारतात आणि वरून विचारतात, "बाई, एवढं पुरे?"

बाई मान वर करून नीट बघतात, घाई करत नाहीत. आणि त्या तोंड उघडायच्या आत आम्हीच सगळे ओरडतो, "अजून!"